स्वस्त सागरी सहल आणि जुनीं जहाजें

‘जुनें तें सोनें’ ही म्हण मराठी घरांत जितक्या वेळां उच्चारली जाते, तितक्या वेळां ती पारखून पाहिली जात नाहीं. सोनें जुनें झाल्यानें त्याचा कस उतरत नाहीं. तांदूळ जुना झाला तर तो पचावयास हलका होतो. जुनें तूप तर वैद्य औषध म्हणून जपून ठेवतात. परंतु जहाजाची गोष्ट निराळी आहे. लांकूड, लोखंड आणि विजेच्या तारा हीं तिन्ही खाऱ्या हवेंत झिजतात, गंजतात व विरतात. जहाज पाण्यांत उतरलें, कीं त्याच दिवसापासून त्याचें वय वाढूं लागतें आणि त्याची किंमत घटूं लागते. हीं दोन्ही एका ठराविक मर्यादेपर्यंत पोहोंचलीं, म्हणजे मालकापुढें प्रश्न उभा राहतो, कीं या वृद्ध जहाजाचें करावें काय? भंगारवाल्यास विकावें, कीं त्याला रंगाचा नवा हात देऊन, नवें नांव ठेवून, थोड्या दिवसांच्या स्वस्त सहलीसाठीं उतारूंपुढें उभें करावें? गेल्या दीडशें वर्षांत अनेक मालकांनीं हा दुसरा मार्ग पत्करिला. त्यांतून मध्यम स्थितींतील लाखों लोकांना समुद्राचें सुख लाभलें, आणि त्यांतूनच कांहीं रात्री अशा उगवल्या, कीं ज्यांनीं समुद्रावरील कायद्याचें स्वरूप पालटून टाकलें. त्या कायद्याची घडण कशी झाली, हें पाहणें उद्बोधक आहे.

समुद्रावर केवळ मौजेसाठीं जाणें ही कल्पना फार पुरातन नाहीं. पूर्वीं समुद्रप्रवास म्हणजे व्यापार, युद्ध, यात्रा किंवा देशांतर, आणि त्यांतील कोणतीहि गोष्ट मौजेची नव्हती. १८४४ सालीं पेनिन्सुलर अँड ओरिएंटल कंपनीनें भूमध्यसमुद्रांतील आपल्या आगबोटींवर सहलीचे उतारू घेण्यास आरंभ केला. कंपनीनें त्या वर्षीं थॅकरे या प्रसिद्ध कादंबरीकारास विनामूल्य प्रवास घडविला, आणि त्यानें १८४६ सालीं त्या प्रवासावर पुस्तक लिहून जणूं भाड्याची फेड केली. याच कंपनीचें ‘सिलोन’ नांवाचें जहाज १८५८ सालीं बांधलेलें होतें. तें जुनें झाल्यावर १८८१ सालीं दुसऱ्या मालकांकडे गेलें, आणि त्यांनीं त्याला केवळ सहलीच्या कामास जुंपलें. बाराहि महिने सहलीचेंच काम करणारें पहिलें जहाज म्हणून त्याचा उल्लेख होतो. सहलीच्या धंद्याचा जन्मच असा एका निवृत्तीला आलेल्या जहाजावर झाला, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे.

पुढें १८९१ च्या जानेवारींत हँबुर्ग-अमेरिका कंपनीचे चालक आल्बर्ट बालिन यांनीं ‘ऑगस्टा व्हिक्टोरिया’ हें उत्तम जहाज भूमध्यसमुद्राच्या सहलीस पाठविलें. त्यांचा हिशेब सरळ होता. हिवाळ्यांत अटलांटिक महासागर खवळलेला असल्यानें उतारू कमी मिळत. जहाज बंदरांत नुसतें नांगरून ठेवलें तरी खर्च थांबत नाहीं. मग तें उबदार समुद्रांत फिरवून चार पैसे कां मिळवूं नयेत? सहलीच्या धंद्याचें सारें अर्थशास्त्र या एका प्रश्नांत सांठलेलें आहे. रिकामें जहाज हा मालकाच्या गळ्यांतील धोंडा असतो, आणि तो धोंडा हलका करण्यासाठींच सहलीचें भाडें उतरतें.

पहिल्या महायुद्धानंतर असे धोंडे पुष्कळ झाले. अमेरिकेनें १९२१ व १९२४ सालीं कायदे करून बाहेरून येणाऱ्या लोकांच्या संख्येवर कडक मर्यादा घातली. ज्या गरीब यूरोपीय देशांतरितांच्या भाड्यावर अटलांटिकवरील मोठीं जहाजें पोसलीं जात होतीं, त्यांचा ओघ एकाएकीं आटला. त्यानंतर १९२९ ची मंदी आली आणि श्रीमंत उतारूहि दुर्मिळ झाले. तेव्हां एके काळीं जगाच्या कौतुकाचा विषय झालेलीं जहाजें न्यूयॉर्कहून चार-सहा दिवसांच्या अल्प भाड्याच्या सहली करूं लागलीं. त्या वेळीं अमेरिकेंत मद्यविक्रीस कायद्यानें बंदी होती. ती १९२० पासून १९३३ पर्यंत टिकली. परकीय निशाणाचें जहाज किनाऱ्याच्या हद्दीबाहेर गेलें, कीं त्यावरील मद्यालय उघडे. म्हणून कोठेंहि न जातां समुद्रांत फेरी मारून परत येणाऱ्या सहलीहि निघाल्या! उतारूंना गंतव्य स्थान नको होतें. त्यांना फक्त हद्द ओलांडावयाची होती.

अशा जहाजांत ‘बेरेंगारिया’ हें नांव विशेष लक्षांत राहतें. हें जहाज १९१२ सालीं हँबुर्ग येथें ‘इंपेराटोर’, म्हणजे सम्राट्, या नांवानें पाण्यांत उतरलें. बावन्न हजार टनांचें तें प्रचंड जहाज जर्मन साम्राज्याचा अभिमान होतें. युद्धानंतर तें ब्रिटनच्या हातीं गेलें, आणि कुनार्ड कंपनीनें त्याला नवें नांव दिलें. मंदीच्या काळांत त्याच्या सहलींचें भाडें इतकें उतरलें, कीं लोक थट्टेनें त्याला ‘बार्गेन-एरिया’, म्हणजे स्वस्ताईचा बाजार, म्हणूं लागले. त्याच्या विजेच्या तारा आंतून जीर्ण झाल्या होत्या, आणि वारंवार लहानसहान आगी लागत. १९३८ च्या मार्चांत न्यूयॉर्क बंदरांत अशीच एक आग लागल्यावर तेथील अधिकाऱ्यांनीं उतारू घेऊन निघण्यास परवानगी नाकारली. सम्राटाचें नांव घेऊन जन्मलेलें तें जहाज रिकामेंच इंग्लंडला परतलें आणि त्याच वर्षीं मोडीत निघालें. वेगाचा मान वीस वर्षें मिरविणारें ‘मॉरिटानिया’ हेंहि १९३३ सालीं पांढरा रंग चढवून सहलीस निघालें. १९३५ सालीं तेंहि भंगारांत गेलें.

येथें ‘आगबोट’ या मराठी शब्दाकडे क्षणभर लक्ष द्यावेंसें वाटतें. आगीच्या बळावर चालणारी बोट ती आगबोट, अशी ज्यांनीं हा शब्द रूढ केला त्यांची कल्पना होती. परंतु समुद्रावरील सर्वांत मोठा शत्रु तुफान नसून आग होय, हेंहि या शब्दांत नकळत सांठविलें गेलें आहे. भोंवतीं अथांग पाणी असतां जहाजावरील आग विझविणें अत्यंत कठीण असतें. जिने धुराड्यासारखे धूर व ज्वाळा वर ओढतात. लांकडी भिंतींवर वर्षानुवर्षें चढविलेले रंगाचे थर इंधनासारखे पेटतात. आणि पळून जावयास रस्ता नसतो. ८ सप्टेंबर १९३४ च्या पहांटे हॅवानाहून न्यूयॉर्ककडे परतणारें ‘मॉरो कॅसल’ हें सहलीचें जहाज न्यू जर्सीच्या किनाऱ्याजवळ पेटलें आणि १३७ जीव गेले. तें जहाज तर अवघ्या चार वर्षांचें होतें. या अनर्थानंतर अमेरिकेनें आपल्या निशाणाखालीं नव्यानें बांधल्या जाणाऱ्या जहाजांत जळणाऱ्या वस्तु शक्य तितक्या टाळाव्यात, असे कडक नियम केले.

परंतु ‘नव्यानें बांधल्या जाणाऱ्या’ आणि ‘आपल्या निशाणाखालीं’ या दोन शब्दसमूहांत एक मोठें भगदाड राहून गेलें. ‘टायटॅनिक’ बुडाल्यानंतर १९१४ सालीं समुद्रावरील जीविताच्या सुरक्षिततेविषयीं पहिला आंतरराष्ट्रीय करार झाला. त्याच्या सुधारलेल्या आवृत्ती १९२९, १९४८ व १९६० सालीं निघाल्या. प्रत्येक करारानें आगीविरुद्ध बांधणीचे नियम पूर्वीपेक्षां कडक केले. परंतु ते नियम मुख्यतः पुढें बांधल्या जाणाऱ्या जहाजांना लागू होते. अगोदर बांधलेल्या जहाजांनीं जेवढें ‘वाजवी आणि शक्य’ असेल तेवढेंच करावें, अशी सवलत होती. लांकडी भिंती काढून पोलादी घालणें म्हणजे नवें जहाज बांधण्याइतकाच खर्च, म्हणून ही सवलत देणें भाग पडलें, असें समर्थन करण्यांत येई. परिणाम असा झाला, कीं ज्या जहाजांना नियमांची सर्वांत अधिक गरज होती, त्यांनाच ते सर्वांत सौम्यपणें लागू पडत.

दुसऱ्या महायुद्धानंतर या भगदाडांतून पुष्कळ जहाजें आंत शिरलीं. १९५८ सालीं अटलांटिक ओलांडणाऱ्यांत विमानानें जाणारांची संख्या प्रथमच बोटीनें जाणारांपेक्षां अधिक झाली. उतारूंची जुनीं जहाजें पुन्हां एकदां बेकार झालीं. तीं स्वस्तांत विकत घ्यावीं, पनामा किंवा लायबेरिया यांसारख्या देशाचें निशाण लावावें, म्हणजे कर थोडा, खलाशांचे पगार थोडे आणि तपासणीचा जाचहि थोडा, असा धंदा भरभराटीस आला. १९६३ च्या नाताळांत याची पहिली जबर किंमत द्यावी लागली. १९३० सालीं डच लोकांनीं बांधलेलें एक जहाज ग्रीक मालकांनीं विकत घेऊन त्याचें ‘लाकोनिया’ असें नांव ठेवलें होतें. साउदॅम्टनहून मदैरा व कानारी बेटांकडे सहलीस निघालेलें हें जहाज २२ डिसेंबरच्या रात्रीं पेटलें आणि १२८ माणसें मृत्युमुखीं पडलीं. चर्चा पुष्कळ झाली. नियम होते तसेच राहिले.

त्याच सुमारास अमेरिकेच्या दक्षिण टोंकास असलेलें मायामी हें शहर सहलींचें मोठें बंदर बनत होतें. क्यूबांतील राज्यक्रांतीनंतर हॅवानाचा मार्ग बंद झाला, आणि सहलींचा ओघ बहामा बेटांतील नासाऊ बंदराकडे वळला. हें अंतर इतकें बेताचें, कीं संध्याकाळीं मायामी सोडावें आणि सकाळीं नासाऊस पोहोंचावें. ज्याला आठवड्याची रजा नाहीं आणि गांठीं फारसा पैसा नाहीं अशा कारकुनाला, दुकानदाराला, पेन्शनरालाहि ही सहल परवडे. तीन-चार दिवसांत परदेशाचें दर्शन घडे, नाच-गाणें व जेवण भाड्यांतच मिळे. या मार्गावर धांवणाऱ्या जहाजांत ‘यार्मथ कॅसल’ हें एक होतें.

या जहाजाचें पूर्वचरित्र सामान्यच आहे. तें १९२७ सालीं फिलाडेल्फिया येथें ‘इव्हांजेलिन’ या नांवानें बांधलें गेलें. लांबी ३६५ फूट, वजन सुमारें पांच हजार टन. सांगाडा पोलादी, परंतु अंतर्भाग बव्हंशीं लांकडी. अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावरून कॅनडांतील यार्मथ बंदरापर्यंत उतारूंची ने-आण हें त्याचें मूळ काम. महायुद्धांत त्यानें सैनिक वाहिले. नंतर कांहीं काळ तें रिकामें पडून होतें. मग मालक व निशाणें बदलत बदलत तें पनामाचें झालें, आणि १९६४ सालीं त्याला नवें नांव मिळालें. नांवांत ‘कॅसल’ म्हणजे किल्ला आला. परंतु किल्ल्याच्या भिंती जशा दगडाच्या असतात तशा त्या जहाजाच्या भिंती नव्हत्या. कांहीं आठवड्यांपूर्वींच सरकारी तपासणींत तें उत्तीर्ण झालेलें होतें. वयाच्या सवलतीसह कायद्यानें जें मागितलें होतें तें कागदोपत्रीं त्याजजवळ होतें.

शुक्रवार, १२ नोव्हेंबर १९६५ रोजीं सायंकाळीं ‘यार्मथ कॅसल’नें मायामी सोडलें. जहाजावर ३७६ उतारू व १७६ नोकर-खलाशी, मिळून ५५२ माणसें होतीं. उतारूंत वयस्क मंडळी बरीच होती. फ्लॉरिडांतील वृद्धांच्या एका संघाचीं अनेक माणसें एकत्र सहलीस निघालीं होतीं. ६१० क्रमांकाची एक खोली बॉयलरच्या उष्णतेमुळें उतारूंस देण्याजोगी नव्हती. म्हणून तींत गाद्या वगैरे अडगळ भरून ठेवण्यांत आली होती. जहाजावर आगीच्या वेळीं आपोआप पाण्याचा फवारा सोडणारी योजना होती. परंतु त्या खोलींत तिचें तोंड बसविलेलें नव्हतें. मध्यरात्र उलटल्यावर याच खोलींत आग धुमसूं लागली. ती नेमकी कशानें लागली, याचा निश्चित निर्णय पुढें चौकशींतहि झाला नाहीं. धुराचा वास आल्यावर कांहीं खलाशी तिचा शोध घेत फिरले, आणि या शोधांत अमोल वेळ गेला. दार उघडलें तेव्हां आग हातची गेली होती. जिन्यांतून ज्वाळा वर चढल्या आणि पाहतां पाहतां कप्तानाचें ठाणें व बिनतारी संदेशाची खोली या दोन्हींना त्यांनीं वेढलें.

त्यामुळें जें घडलें तें कल्पनेपलीकडचें होतें. ५५२ माणसांचें जहाज जळत असतां त्यावरून मदतीची एकहि हांक बाहेर गेली नाहीं. आणि झोंपलेल्या उतारूंना जागें करणारी सूचनाहि जहाजावर वाजली नाहीं. लोक जागे झाले ते आरडाओरड्यानें, धुरानें, किंवा कोणी दार ठोठावल्यानें. खिडक्या रंगानें व गंजानें घट्ट बसलेल्या. कित्येकांनीं हातांत सांपडेल त्या वस्तूनें त्या फोडून वाट काढली. बचाव-होड्या खालीं सोडण्याच्या दोरांवर रंगाचे थर बसल्यामुळें ते सुटेनात. कांहीं होड्या तर ज्वाळांत सांपडल्या. कित्येकांना कमरेचे पट्टे मिळाले नाहींत. जहाजाच्या पुढच्या व मागच्या टोंकास दोन गर्दी झाल्या, आणि मध्यें आगीची भिंत उभी राहिली.

दैव असें, कीं जवळच दोन जहाजें होतीं. फिनलंडचें ‘फिनपल्प’ हें मालवाहू जहाज कांहीं मैलांवर पुढें होतें. त्यावरील पहाऱ्याला मागें आकाशांत तांबूस प्रकाश दिसला. कप्तान जॉन लेह्तो यांनीं तत्काळ आपलें जहाज मागें वळविलें आणि रात्रीं १ वाजून ३६ मिनिटांनीं मायामीच्या तटरक्षकांना वर्दी दिली. या अपघाताची जगाला मिळालेली पहिली बातमी ती हीच. मागून त्याच मार्गानें ‘बहामा स्टार’ हें दुसरें सहलीचें जहाज येत होतें. त्याच्या कप्तान कार्ल ब्राऊन यांनींहि धूर पाहून जहाज जळत्या सांगाड्याच्या जवळ नेलें आणि आपल्या होड्या खालीं सोडल्या.

‘फिनपल्प’जवळ जी पहिली होडी आली, तींत उतारू थोडेच होते, जहाजाचा कप्तान व त्याचे कांहीं सहकारी मात्र होते. आपण मदतीचा संदेश पाठविण्यासाठीं आलों, असें त्या कप्तानाचें म्हणणें पडलें. लेह्तो यांनीं ती होडी परत जळत्या जहाजाकडे पाठविली. दोन्हीं जहाजांच्या खलाशांनीं पहांटेपर्यंत माणसें वेंचलीं. ‘फिनपल्प’नें ५१ उतारू व ४१ खलाशी वांचविले, ‘बहामा स्टार’नें २४० उतारू व १३३ खलाशी. सकाळीं सहाच्या सुमारास ‘यार्मथ कॅसल’ कुशीवर कलंडलें आणि अडतीस वर्षांचें त्याचें आयुष्य समुद्राच्या तळाशीं संपलें.

आतां या आंकड्यांची वजाबाकी करून पाहावी. जहाजाबरोबर ८७ जीव गेले, त्यांपैकीं ८५ उतारू आणि केवळ दोन नोकरवर्गांतील, एक परिचारिका स्त्री व जहाजाचा डॉक्टर. पुढें रुग्णालयांत तिघे वारले आणि मृतांची संख्या ९० झाली. ज्यांना वाटा ठाऊक होत्या ते बहुतेक सुटले. ज्यांना ठाऊक नव्हत्या ते अडकले. खलाशांतील कित्येकांनीं शौर्यहि दाखविलें, आणि सर्वांवर सरसकट दोष ठेवणें अन्यायाचें होईल. तथापि ही वजाबाकी कोणत्याहि चौकशी-समितीच्या अहवालापेक्षां अधिक बोलकी आहे.

याहून विचार करण्यासारखी गोष्ट दुसरीच आहे. ज्या ‘बहामा स्टार’नें ३७३ प्राण वांचविले, तें जहाज कांहीं नवें नव्हतें. तें १९३१ सालचें, म्हणजे चौतीस वर्षांचें. त्याच मार्गावर, तसल्याच स्वस्त सहली करणारें. दोघांच्या वयांत अंतर अवघें चार वर्षांचें. एक जहाज रात्रीं मृत्यूचा सांपळा ठरलें आणि दुसरें तारणहार. म्हणून ‘जुनें म्हणजे वाईट’ असा सोपा सिद्धान्त या घटनेंतून काढतां येत नाहीं. दोष वयाचा नव्हता. वय पाहून नियम सैल करण्याचा होता, आणि अडगळीच्या खोलीकडे, रंगानें चिकटलेल्या दोरांकडे व न वाजलेल्या घंटेकडे कोणाचें लक्ष नसण्याचा होता. मुंबईकरांना याचा कटु अनुभव पूर्वींच आलेला आहे. १७ जुलै १९४७ रोजीं भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट १९३६ सालीं बांधलेली, म्हणजे अवघ्या अकरा वर्षांची होती. पावसाळी समुद्रांत लाटांचा मारा झाला, घाबरलेले उतारू एका बाजूस लोटले, आणि सहाशेंहून अधिक माणसें बुडालीं. ही वार्ता कित्येक तास मुंबईस कळलीहि नव्हती. प्रवास दीड तासाचा, भाडें किरकोळ. म्हणून संकटहि किरकोळ असेल असें समुद्र मानीत नाहीं.

‘यार्मथ कॅसल’च्या मृत्यूनें मात्र कायदा हलला. ६ नोव्हेंबर १९६६ रोजीं अमेरिकेनें एक कायदा केला. सहलीची जाहिरात करणाऱ्यानें जहाज कोणत्या देशाच्या निशाणाखालीं आहे आणि तें सुरक्षिततेचीं कोणतीं प्रमाणें पाळतें, हें उतारूंना उघड सांगितलें पाहिजे, आणि अपघातांतील नुकसान-भरपाई देण्याची ऐपतहि अगोदर सिद्ध केली पाहिजे, असें त्या कायद्यानें ठरविलें. त्याच महिन्याच्या अखेरीस आंतरराष्ट्रीय परिषदेनें जुन्या जहाजांनाहि लागू होणारे आगीचे कडक नियम संमत केले. पुरेशा राष्ट्रांची मान्यता न मिळाल्यानें ते जगभर लगेच अमलांत आले नाहींत. परंतु अमेरिकेनें वाट पाहिली नाहीं. पन्नास किंवा अधिक उतारूंच्या निजण्याची सोय असलेलें कोणत्याहि देशाचें जहाज तीं प्रमाणें पाळीत नसेल, तर नोव्हेंबर १९६८ पासून त्यानें अमेरिकेच्या बंदरांतून उतारू घेऊं नयेत, असा तिनें दंडक घातला. लांकडी अंतर्भागाचीं कित्येक जुनीं जहाजें यामुळें तेथून हद्दपार झालीं. पुढें १९७४ च्या करारांत हे नियम गोंवले गेले आणि १९८० सालीं तो करार अमलांत आला.

तरीहि सवलतीचें मूळ पुरतें उपटलें गेलें नव्हतें. ७ एप्रिल १९९० रोजीं नॉर्वे व डेन्मार्क यांमध्यें जाणारी, १९७१ सालीं बांधलेली ‘स्कँडिनेव्हियन स्टार’ पेटली आणि १५९ माणसें मेलीं. ती बोटहि पूर्वीं फ्लॉरिडाहून सहली करीत असे. तेव्हां कोठें १९९२ सालीं जगानें ठरविलें, कीं जुन्या उतारू जहाजांनाहि पायरीपायरीनें नव्यांच्या पंक्तीस आणावयाचें. शेवटची पायरी १ ऑक्टोबर २०१० ही तारीख होती. ज्या जहाजाची बांधणी जळाऊ पदार्थांची असेल, त्याला त्या दिवसानंतर आंतरराष्ट्रीय प्रवासास जागा उरली नाहीं. १९१४ च्या पहिल्या करारापासून मोजलें तर या एका तत्त्वाच्या सिद्धीस शहाण्णव वर्षें लागलीं.

आणखी एक नियम तर त्याहूनहि उशिरां आला. बचाव-होडीपाशीं उतारूंना जमवून माहिती देण्याची कवाईत चोवीस तासांच्या आंत करावी, एवढीच पूर्वींची अट होती. संध्याकाळीं निघून सकाळीं पोहोंचणाऱ्या सहलीवर चोवीस तासांची मुदत म्हणजे कवाईत न होण्याचीच सोय! १३ जानेवारी २०१२ रोजीं इटलीच्या किनाऱ्यावर ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ खडकावर आदळून ३२ माणसें गेलीं, तेव्हां नव्यानें चढलेल्या शेंकडों उतारूंची कवाईत व्हावयाची राहिली होती. १ जानेवारी २०१५ पासून ही कवाईत जहाज निघण्यापूर्वीं किंवा निघतांक्षणींच झाली पाहिजे, असा नियम झाला.

जुन्या जहाजांचा शेवट पाहावयास आपल्याला दूर जावें लागत नाहीं. फ्रान्सचें ‘फ्रान्स’ हें भव्य जहाज १९६२ सालीं कामास लागलें. १९८० पासून ‘नॉर्वे’ या नांवानें मायामीहून सहली करूं लागलें. २५ मे २००३ रोजीं तेथेंच त्याचा बॉयलर फुटून आठ खलाशी मृत्युमुखीं पडले, आणि अखेर गुजराथेंत अलंगच्या किनाऱ्यावर तें तोडलें गेलें. उलट १९९० सालीं मायामी-बहामा याच मार्गावरील अल्प मुदतीच्या सहलींसाठीं बांधलेलें ‘नॉर्डिक एंप्रेस’ हें जहाज नांवें व मालक बदलीत ‘एंप्रेस’ म्हणून भारतांत आलें. सप्टेंबर २०२१ पासून मुंबईहून निघणाऱ्या त्याच्या छोट्या सहलींवर अनेक मराठी कुटुंबांनीं समुद्राचें सुख घेतलें. तेव्हां तें एकतीस वर्षांचें होतें. परंतु त्याचा जन्मच १९७४ च्या कराराखालीं झालेला होता, आणि १९९२ चे नियमहि त्याला लागू झाले होते. ‘यार्मथ कॅसल’च्या उतारूंना जें संरक्षण मिळालें नाहीं, तें या उतारूंना जन्मसिद्ध हक्कासारखें मिळालें, आणि त्याचें मोल १९६५ च्या त्या रात्रीं नव्वद अनोळखी माणसांनीं चुकविलें होतें.

सहलीस निघणाऱ्या कुटुंबानें म्हणून जहाजाच्या वयाला भिण्याचें कारण नाहीं, आणि भाडें कमी म्हणून लाजण्याचेंहि कारण नाहीं. त्यानें एवढेंच करावें, कीं जेवणघराची वाट शोधण्यापूर्वीं बचाव-होडीची वाट शोधावी. खोलीपासून मोकळ्या डेकपर्यंतचे जिने एकदां पायांखालीं घालावेत. आणि कवाईतीची घंटा झाली असतां ‘हें नेहमींचेंच’ म्हणून खोलींत पडून राहूं नये. ती घंटा ‘यार्मथ कॅसल’वर वाजली असती, तर नासाऊच्या धक्क्यावर त्या शनिवारीं सकाळीं आणखी कित्येक माणसें उतरलीं असतीं.